आधी पेन्सिलीची पेटी, मग संगणकाची



प्रॅक्टिकल फाइली आणि प्रोजेक्ट यांचे दिवस आले की शाळेत दरवर्षी एका विषयाची चर्चा होते. यंदाच्या पालकसभेतही ती झाली. विषय असा, की मुलांनी आकृत्या हाताने काढाव्यात की संगणकावर? काही पालकांचे म्हणणे असे, की आता सॉफ्टवेअरवर अगदी खऱ्यासारख्या, उठावदार, थ्री-डी आकृत्या निघतात, मग मुलांना पेन्सिल आणि खोडरबर घेऊन तासन्‌तास बसवण्यात काय अर्थ? दुसरा पक्ष म्हणतो, संगणकाने हात बिघडतो, परीक्षेत तर पेन्सिलच लागते. विश्वस्त मंडळापुढेही दोन सूचना आल्या आहेत. एक, चित्रकलेचा तास संगणकाच्या तासात मिळवून टाकावा. दोन, संगणक कक्षासाठी महागडे ग्राफिक्स सॉफ्टवेअर विकत घ्यावे. या दोन्हींवर निर्णय व्हायचा आहे. त्यापूर्वी आमचे मत सर्वांसमोर स्पष्टपणे मांडावे, यासाठी हा लेख.

आमचे मत थोडक्यात असे: संगणकावर आकृती काढायला प्रत्येक विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजे, परंतु जी पेटी हाताने काढता येत नाही ती संगणकावरही समजत नाही. म्हणून चित्रकलेचा तास राहावा, आणि महागडे सॉफ्टवेअर घेऊ नये. याची कारणे आता क्रमाने सांगतो.

कागदावरची तिसरी मिती

कागदाला लांबी असते, रुंदी असते, खोली नसते. संगणकाच्या पडद्याचेही तसेच. तेव्हा त्यावर दिसणारी तिसरी मिती हा डोळ्यांशी केलेला एक करार आहे. हा करार मुख्यतः दोन प्रकारांनी होतो, आणि ते दोन्ही प्रकार मुलांना वेगवेगळे समजले पाहिजेत.

पहिला प्रकार म्हणजे यथार्थदर्शन. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आम्ही याला 'परिप्रेक्ष्य' म्हणत असू. रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळालेले दिसतात, जवळचा खांब मोठा आणि लांबचा लहान दिसतो, तसेच चित्रात दाखवायचे. इटलीतील फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला याचे प्रयोग केले, आणि आल्बेर्ती याने १४३५ मध्ये त्याचे नियम पुस्तकात मांडले. दृश्य पाहायला ही पद्धत उत्तम. पण त्यात पट्टीने माप घेता येत नाही, कारण दूरची बाजू आखूड झालेली असते.

दुसऱ्या प्रकारात समांतर रेषा चित्रातही समांतरच राहतात. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांत महालांच्या गच्च्या, चौथरे, बैठका पुष्कळदा अशाच काढलेल्या दिसतात. मागची बाजू लहान होत नाही, तिरकी सरकते. याच प्रकाराला मोजमापाची शिस्त लावून केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये 'आयसोमेट्रिक' पद्धत मांडली. त्यांना यंत्रांच्या प्रतिकृती वर्गात दाखवायच्या असत. त्या सुट्या करून ठेवलेल्या असत, आणि साहाय्यकाला पुन्हा जुळवता याव्यात म्हणून अचूक पण सहज कळणारी चित्रे हवी होती. म्हणजे ही पद्धत जन्मली तीच एका शिक्षकाच्या गरजेतून.

हिच्यात तीन दिशांच्या रेषा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात. एक उभी, बाकीच्या दोन आडव्या रेषेपासून ३० अंश वर चढलेल्या. तिन्ही दिशांना एकच माप चालते. आपल्या कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या यासाठी पुरेसा आहे. विद्यार्थ्यांनी हा लेख वाचता वाचताच करून पाहावे: ४ सेंमीची एक उभी रेघ काढा. तिच्या खालच्या टोकापासून डावीकडे आणि उजवीकडे ३० अंशांवर चढत्या दोन रेघा, प्रत्येकी ४ सेंमी. वरच्या टोकापासूनही तशाच दोन. कडेच्या दोन उभ्या रेघा जोडा. आता वरच्या दोन्ही मोकळ्या टोकांपासून समांतर रेघा काढून झाकण पुरे करा. घन तयार. त्याची बाहेरची कड मोजून पाहा, ती नियमित षट्कोन असते. सहावीच्या मुलालाही हे दहा मिनिटांत जमते, आणि एकदा जमले की त्या घनातून खुर्ची, जिना, पुस्तकांचे कपाट, अख्खी शाळा काढता येते.

गोल वस्तू आणि सावली

खरी परीक्षा गोल वस्तूंची. विज्ञानाच्या फाइलींत आम्ही सर्वांत जास्त वेळा पाहतो ती चूक चंचुपात्राची. तोंड लंबवर्तुळाकार काढतात आणि बूड मात्र सरळ रेघेने संपवतात! वरून पाहणाऱ्याला तोंड लंबवर्तुळ दिसते, तर बुडाची पुढची कडही वक्रच दिसणार. इतकेच नव्हे, बूड आपल्या नजरेच्या अधिक खाली असल्यामुळे त्याचे लंबवर्तुळ तोंडापेक्षा थोडे अधिक उघडलेले दिसते. खात्री करायची असेल तर घरातला स्टीलचा पेला टेबलावर ठेवा, आधी डोळ्यांच्या पातळीवरून पाहा, मग हळूहळू उभे राहून पाहा. हा प्रयोग फुकट आहे. आयसोमेट्रिक चित्रात तर वर्तुळाच्या लंबवर्तुळाचे प्रमाणही ठरलेले आहे: लांब अक्ष आखूड अक्षाच्या १.७३ पट, म्हणजे तीनच्या वर्गमुळाइतका.

त्यानंतर सावली. प्रकाश एकाच बाजूचा धरायचा. बहुधा डावीकडून वरचा धरतात. घनाच्या तीन बाजूंना तीन छटा: वरची उजळ, एक मध्यम, एक गडद. पृष्ठभाग प्रकाशाकडे जितका तोंड करून असेल तितका उजळ, जितका वळलेला तितका मंद. हा नियम लँबर्टने १७६० मध्ये गणितात बसवला, आणि आजही संगणकावरील छटांचा तो पाया आहे. गोल खांबावर छटा क्रमाक्रमाने बदलते. येथेही नीट पाहणाऱ्याला कळते की सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसून कडेच्या थोडा आत असतो, कारण कडेवर आजूबाजूचा परावर्तित उजेड पडतो. ज्याने पेन्सिलीने असा एक खांब रंगवला आहे, त्याला संगणकावर छटा कुठे ठेवायची हे सांगावे लागत नाही.

संगणक काय देतो

आता संगणकाकडे वळू. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा काढून त्या बदलता येतात, हे इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये 'स्केचपॅड' या कार्यक्रमाद्वारे १९६३ मध्ये दाखवले. आज तीच सोय शाळेच्या साध्या संगणकावर आहे. 'इंकस्केप' हा २००३ पासून विकसित होत असलेला कार्यक्रम विनामूल्य आहे, त्याची प्रत कोणीही घरी नेऊ शकतो, त्यात चोरी नाही. २००८ च्या आवृत्तीपासून त्यात यथार्थदर्शनातली पेटी काढण्याचे स्वतंत्र साधनच आहे, आणि आयसोमेट्रिक कामासाठी तिरकी जाळीही आहे. घनाकृती फिरवून पाहायच्या असतील तर 'जिओजेब्रा' हा गणिताचा कार्यक्रम आहे. त्यात २०१४ पासून त्रिमितीय आलेख आले, आणि तोही शाळांना विनामूल्य आहे. मग महागड्या सॉफ्टवेअरचे पैसे ग्रंथालयाला आणि प्रयोगशाळेला का देऊ नयेत?

इंकस्केपमध्ये आकृती ठिपक्यांची नसून रेषांच्या गणिताची असते. त्यामुळे ती तिकिटाएवढी करा की भिंतीएवढी, कडा फाटत नाहीत. एकदा काढलेली परीक्षानळी दहा वेळा वापरता येते. चूक झाली तर कागद खराब होत नाही. हे फायदे लहान नाहीत, आणि ज्या मुलांचा हात जात्याच कापरा आहे किंवा ज्यांना पेन्सिल धरण्याची अडचण आहे, त्यांच्यासाठी तर संगणक हे वरदान आहे.

शिवाय यात वर्गातले गणित जिवंत होते. सपाट चौरसाला घनाची बाजू बनवण्याची एक युक्ती आहे: त्याची उंची ८६.६ टक्के करायची, मग ३० अंशांनी तिरके करायचे, मग ३० अंशांनी वळवायचे. कोणत्या दिशेने, ते बाजूनुसार ठरते. हे ८६.६ कुठून आले? दहावीच्या मुलांनो, ३० अंशांची कोसाइन आठवा. तीनचे वर्गमूळ भागिले दोन, म्हणजे ०.८६६. त्रिकोणमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्याला हे एक उत्तर आहे.

मग हाताचा आग्रह का?

कारण सॉफ्टवेअर चूक ओळखत नाही. १८३२ मध्ये लुई नेकर या स्विस स्फटिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की स्फटिकाचे नुसत्या रेघांचे चित्र पाहता पाहता उलटे होते. पुढची बाजू मागे जाते, मागची पुढे येते. म्हणूनच मागच्या, न दिसणाऱ्या कडा तुटक रेघांनी दाखवायच्या असतात. कोणती कड दिसते आणि कोणती लपते, हा निर्णय माणसाचा आहे. त्याचप्रमाणे कागदावर काढता येतो पण लाकडात कधीच घडवता येत नाही, असा 'अशक्य त्रिकोण' स्वीडनच्या रॉयटर्सवार्ड या चित्रकाराने १९३४ मध्ये काढला, आणि १९५८ मध्ये पेनरोज पितापुत्रांनी तो पुन्हा प्रसिद्धीस आणला. तो त्रिकोण संगणकावर काढा. संगणक एका शब्दाने हरकत घेणार नाही. हरकत घ्यायला डोळा लागतो, आणि तो डोळा हाताने काढता काढताच तयार होतो.

आता तर शब्दांत सांगितले की आयते चित्र काढून देणाऱ्या प्रणालीही आल्या आहेत. हृदयाची आकृती मागा, क्षणात झगमगीत आकृती हजर. पण तिच्यात रक्तवाहिनी भलत्याच कप्प्याला जोडलेली असू शकते, आणि नावे भलत्याच जागी असू शकतात. ज्या मुलाने हृदय एकदाही स्वतः काढलेले नाही, त्याला ती चूक दिसणारच नाही. म्हणजे साधने जितकी चलाख होत आहेत, तितकी या डोळ्याची गरज वाढते आहे, कमी होत नाही.

आणि एक स्पष्ट बोलायला हवे. फाइलींत येणाऱ्या सुंदर रंगीत आकृत्यांपैकी पुष्कळशा मुलांनी हाताने काढलेल्या नसतात आणि संगणकावरही काढलेल्या नसतात. त्या दुकानातून छापून आणलेल्या असतात. पालक रात्री नऊ वाजता दुकानात धावतात, पैसे देतात, मूल कात्रीने कापून डिंकाने चिकटवते. यात मूल शिकले काय? डिंक लावायला. पालकांची माया आम्ही समजतो, गुणांची धास्तीही समजतो. पण अशा आकृतीपेक्षा वाकडीतिकडी, स्वतःची आकृती आम्हांला शंभरपट मोलाची वाटते.

थ्री-डी म्हणजे नेहमीच चांगले नव्हे

आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जिथे वस्तू खरोखर त्रिमितीय आहे, उदाहरणार्थ हृदय, मिठाचा स्फटिक, मिथेनचा रेणू किंवा विहिरीचा छेद, तिथे उठाव दाखवणे आवश्यक आहे. मिथेनचे चार हायड्रोजन कागदावर अधिकचिन्हासारखे काढले तर कोन ९० अंशांचा वाटतो. खरा कोन सुमारे १०९.५ अंश. म्हणून रसायनशास्त्रात पुढे येणारा बंध भरीव पाचरीने आणि मागे जाणारा तुटक पाचरीने दाखवतात. येथे तिसरी मिती हे ज्ञान आहे.

परंतु आकडेवारीला जाडी नसते. वर्तुळालेखाला भाकरीसारखी जाडी देऊन तिरका केला, की पुढचा तुकडा मोठा आणि मागचा लहान दिसू लागतो. जानेवारी २००८ मध्ये ॲपल कंपनीच्या जाहीर सादरीकरणात अमेरिकेतील स्मार्टफोनच्या बाजाराचा असाच आलेख दाखवला गेला. त्यात पुढे ठेवलेला ॲपलचा १९.५ टक्क्यांचा तुकडा मागच्या 'इतर' या २१.२ टक्क्यांच्या तुकड्यापेक्षा मोठा दिसत होता. आकडे खरे होते, चित्र मात्र वेगळेच सांगत होते. तसेच, दुप्पट पाणी दाखवायला सर्व बाजूंनी दुप्पट टाकी काढली तर तिचे घनफळ आठपट होते. मुलांना हे गणित म्हणून शिकवावे, आणि मोठ्यांनीही पाळावे. विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना आहे की शाळेच्या वार्षिक अहवालात निकाल, पटसंख्या आणि जमाखर्च यांचे आलेख साधे, सपाट स्तंभांचेच असावेत. देणगीदाराला आणि पालकाला एका नजरेत खरे कळावे, हा शाळेचा संस्कार आहे.

आपली भाषा, आपल्या आकृत्या

आता एक मुद्दा खास आपल्या समाजाचा. आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात हिंदी, पुस्तके हिंदी किंवा इंग्रजीत वाचतात. वर्गात जे 'घनाभ', ते मराठी पुस्तकात 'इष्टिकाचिती', म्हणजे विटेच्या आकाराची. 'बेलन' म्हणजे 'वृत्तचिती'. 'दीर्घवृत्त' म्हणजे 'लंबवर्तुळ', 'आयतन' म्हणजे 'घनफळ'. आम्ही स्वतः हिंदीतून गणित शिकलो, मराठी शब्द नंतर या शाळेत शिकवता शिकवता मिळवले. दोन्ही शब्द माहीत असलेल्याचे नुकसान काहीच होत नाही. उलट 'इष्टिकाचिती' म्हणताच वीट डोळ्यांसमोर येते.

संगणकाचा येथे मोठा उपयोग आहे. इंकस्केपमध्ये आकृती एका थरावर आणि नावे दुसऱ्या थरांवर ठेवता येतात. एकच फुलाचा छेद. एका थरावर हिंदी नावे, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर इंग्रजी. हवा तो थर दाखवा, बाकीचे झाका. अट एकच, टंकलेखन युनिकोडमध्ये हवे. जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की अगम्य चिन्हांचा होतो. 'इनस्क्रिप्ट' कळफलकावर ल च्याच किल्लीवर शिफ्ट दाबले की ळ मिळतो, र च्या किल्लीवर शिफ्ट दाबले की 'दुसऱ्या' मधला ऱ मिळतो. तेव्हा 'घनफळ'चे 'घनफल' होण्याचे काही कारण उरत नाही.

चित्रकलेच्या तासाबद्दलही येथेच सांगतो. हे इंदूर शहर आहे. याच शहरात दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकला शिकवली, आणि त्यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी घडले. बेंद्रे पुढे बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकलेचे अध्यापक झाले. प्रत्येक मूल बेंद्रे होणार नाही हे खरे. पण पाहायला शिकवणारा तास ज्या शहराने इतका जपला, तिथल्या मराठी शाळेने तोच तास वेळापत्रकातून काढावा, हे आम्हांला पटत नाही. आमचा प्रस्ताव असा, की चित्रकला आणि संगणक हे दोन्ही तास स्वतंत्र राहावेत, आणि सहावी ते नववीच्या वर्गांत दोन्ही शिक्षकांनी मिळून महिन्यातून एक जोडतास घ्यावा: आधी अर्धा वेळ कागदावर, मग तीच आकृती पडद्यावर.

आमच्या विनंत्या

विद्यार्थ्यांना: फाइलीतील आकृती आधी पेन्सिलीने काढा. संगणकावर काढलेली जोडायची असेल तर जरूर जोडा, पण स्वतः काढलेली, आणि सोबत हाताचा कच्चा आराखडा लावा. गुण दोहोंना मिळतील.

पालकांना: दुकानातून आकृती छापून आणू नका. वेळ कमी पडत असेल तर चिठ्ठी लिहून मुदत मागा, ती देण्यात येईल. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी कक्ष शाळा सुटल्यावर एक तास उघडा ठेवण्याची आमची तयारी आहे. घरी संगणक नाही म्हणून कोणत्याही मुलाचे गुण कमी होता कामा नयेत.

विश्वस्त महोदयांना: चित्रकला शिक्षकाचे पद कायम ठेवावे, सॉफ्टवेअरसाठी सुचवलेली रक्कम लाकडी घनाकृतींचे संच, गुण्ये आणि ठिपक्यांचे कागद यांवर खर्च करावी, आणि उरलेली ग्रंथालयाला द्यावी.

ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते पुढील अंकासाठी अवश्य लिहून पाठवावे, आम्ही ते छापू. मात्र लिहिण्यापूर्वी एकदा गुण्या घेऊन ४ सेंमीचा तो घन काढून पाहावा, एवढीच प्रार्थना.

आपले स्नेहांकित,
मुख्याध्यापक